पाचशे डॉलरची रायफल

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्यातल्या कित्येक गावांत शाळांना सुट्टी असते. ही सुट्टी सणाची नाही, हरणांची आहे. अनेक दशके याच सोमवारी राज्यातला रायफलने हरणे मारण्याचा हंगाम उघडत असे. २०१९ पासून तो दोन दिवस आधी, शनिवारी, उघडू लागला, तरी सोमवारची सुट्टी पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली. आठ लाखांहून अधिक लोक दरवर्षी शिकारीचा परवाना काढतात आणि अलीकडच्या बहुतेक हंगामांत चार लाखांच्या वर हरणांची शिकार झाली आहे. हा राजेमहाराजांचा शौक नव्हे. गवंडी, ट्रकचालक, नर्स, शाळामास्तर अशी माणसे भल्या पहाटे केशरी जाकिटे घालून रानात शिरतात आणि मिळालेले मांस हिवाळाभर फ्रीझरमध्ये पुरवून खातात.

अशा घरांत रायफल विकत घेताना सगळ्यात आधी किमतीचा विचार होतो. दुकानाच्या भिंतीवर चारशे डॉलरपासून चार हजारांपर्यंतच्या रायफली शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटते की स्वस्त रायफल नेम चुकवेल आणि महागडी तो साधून देईल. पन्नास वर्षांपूर्वी या समजुतीत थोडेफार तथ्य होते. आज ते जवळजवळ उरलेले नाही. पाचशे डॉलरच्या, म्हणजे चाळीस हजार रुपयांहून थोड्या जास्त किमतीच्या रायफलीची नळी आज बहुतेक शिकाऱ्यांच्या हातापेक्षा जास्त अचूक असते. चूक होते ती पुढे, कॅलिबर, म्हणजे नळीचे आणि काडतुसाचे माप, निवडताना. तिची शिक्षा मात्र जनावराला भोगावी लागते.

शिकारीच्या रायफलींत बोल्ट-अ‍ॅक्शनचेच राज्य का, याचे उत्तर तिच्या साधेपणात आहे. दाराला आडवी कडी असते, तिचा दांडा उचलून मागे ओढला की दार उघडते. बोल्टचे अगदी तसेच. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर उडते. पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस नळीत बसते आणि बोल्टच्या टोकाचे जाडजूड खुंट पोलादात अडकून बार रोखून धरतात. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझरने १८९८ च्या रायफलीत ही रचना इतकी पक्की बसवली की, अमेरिकेने आपली १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा माउझरच्या कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वशुल्क द्यावे लागले. आजच्या बहुतेक शिकारी रायफली याच घराण्यातल्या. पेन्सिल्वेनियात तर हरणांसाठी आपोआप पुढची गोळी भरणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही.

मग हीच वस्तू स्वस्त कशी झाली? ही गोष्ट बंदुकीइतकीच कारखान्याचीही आहे.

१९३६ मध्ये बाजारात आलेली विन्चेस्टरची मॉडेल ७० अमेरिकी शिकाऱ्यांची लाडकी रायफल होती. मोठ्या पोलादी तुकड्यातून कोरून काढलेली, कुशल कारागिरांनी हाताने बसवलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढत गेली आणि तशी रायफल परवडणाऱ्या किमतीत बनवणे कंपनीला जमेना. १९६४ मध्ये विन्चेस्टरने रचना बदलली, खर्च छाटला, दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन साच्याने दाबलेली आली. गिऱ्हाइके इतकी नाराज झाली की ‘१९६४ पूर्वीची’ हे शब्द आजही जुन्या मॉडेल ७० ची किंमत वाढवतात. काटकसर कुठे दिसता कामा नये, हे विन्चेस्टरला महाग पडून कळले.

ती कुठे करावी, हे आधीच दुसऱ्यांना कळले होते. रेमिंग्टनने १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांत रायफलीचा गाभा गोल पोलादी कांबीतून लेथवर कातायला सुरुवात केली. त्याच रचनेतून १९६२ मध्ये मॉडेल ७०० निघाली. खरी कमाल मात्र सॅव्हेज कंपनीच्या निकोलस ब्रूअरची. त्याने घडवलेली रायफल १९५८ मध्ये १०९ डॉलर ९५ सेंटला आली आणि त्या किमतीवरूनच तिचे नाव ११० पडले.

ब्रूअरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. काडतूस नळीत बसले की बोल्टचे तोंड आणि काडतुसाची पुंगळी यांमधले अंतर इंचाच्या काही हजारांश भागांइतके नेमके असावे लागते. जास्त झाले तर पुंगळी फाटू शकते, कमी झाले तर बोल्ट बंदच होत नाही. जुन्या पद्धतीत हे अंतर साधायला कारागीर प्रत्येक नळी थोडी थोडी घासून त्या एका रायफलीशी जुळवत असे. ब्रूअरने नळीवर आटे पाडले आणि एक मोठा नट बसवला. नळीत मापाचा नमुना घालायचा, बोल्ट बंद करायचा, नळी टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. काम संपले. बोल्टचे डोकेही त्याने वेगळे, किंचित हलणारे ठेवले, म्हणजे दोन्ही खुंट आपोआप सारखे टेकतात. हातकाम घटले आणि अचूकपणा वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी सुधारणा कारखान्यांच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. १९८८ मध्ये सॅव्हेज दिवाळखोरीत गेली, तेव्हा बाकीचा पसारा आवरून कंपनीने याच ११० वर तग धरला. ती रायफल आजही बनते आहे.

याच विचाराचा पुढचा टप्पा २०१० नंतर आला. सॅव्हेजने आधी ‘एज’ नावाने आणि मग ‘अ‍ॅक्सिस’ नावाने आणखी साधी रायफल काढली. रुगरची ‘अमेरिकन’ २०१२ च्या सुमारास आली. मॉसबर्गची ‘पेट्रियट’ २०१५ मध्ये. रुगरच्या नळ्या थंड पोलादावर चहूबाजूंनी हातोडे मारून घडवल्या जातात. नळीच्या पोकळीत आट्यांची उलटी प्रतिमा कोरलेला कठीण दांडा असतो, हातोडे पोलाद त्याच्यावर दाबत जातात आणि काही मिनिटांत आतले आटे तयार होतात. प्लास्टिकच्या दस्त्यात पोलादी ठोकळे बसवलेले असल्यामुळे रायफलीचा गाभा दरवेळी त्याच जागी टेकतो. पूर्वी हे काम बंदुकीचा कारागीर लाकूड तासून आणि रेझिन ओतून करत असे आणि त्याचे वेगळे पैसे घेई.

चापाचाही असाच कायापालट झाला. अपघात झाला तर खटला भरला जाईल या भीतीने कंपन्यांनी चाप फार जड करून ठेवले होते. जड चाप ओढताना रायफल हलते आणि नेम सुटतो. सॅव्हेजने २००२ च्या सुमारास ‘अ‍ॅक्युट्रिगर’ आणला. त्याच्या मध्यभागी एक पातळ पाते असते. ते बोटाने दाबल्याशिवाय बार उडत नाही, म्हणून चाप हलका ठेवला तरी तो सुरक्षित राहतो. काही वर्षांत स्पर्धक कंपन्यांनीही त्याच धर्तीचे चाप काढले. अ‍ॅक्सिस घेताना हा चाप असलेली ‘अ‍ॅक्सिस दोन’ घ्यावी. साध्या अ‍ॅक्सिसपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात, पण ते पैसे योग्य जागी जातात.

या रायफलींत कमी काय असते? दस्ता पोकळ वाटतो, पुढच्या टोकाला दाबला तर वाकतो. बोल्ट नवा असताना खरखरतो. प्लास्टिकचे मॅगझिन हातात घेतले की भरवसा वाटत नाही. पॉलिश नाही, अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा नाहीत. या गोष्टींना मोल आहेच. चांगली वस्तू हाताळण्याचा आनंद कुणी नाकारू नये. ज्याच्याकडे आणखी दोनतीनशे डॉलर असतील त्याने फिनलंडच्या रीहिमाकी गावात बनणारी टिक्का टी-३-एक्स पाहावी. हिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि ती साको या महागड्या घराण्याच्याच कारखान्यात तयार होते. जपानच्या होवा कंपनीची १५०० ही दणकट रायफलही याच पायरीवरची. वेदरबी कंपनी ‘व्हॅनगार्ड’ नावाने विकते तीही होवाच बनवते.

आता अचूकतेचा हिशेब. रायफलीची अचूकता ‘मिनिट’ या कोनाच्या मापाने सांगतात. एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, दोनशेवर दोन इंच. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग आठ ते दहा इंचांचा असतो. पाचशे डॉलरची रायफल दीड मिनिटाची निघाली, तरी दोनशे यार्डांवर तिच्या गोळ्या तीन इंचांच्या वर्तुळात पडतात. पूर्वेकडच्या दाट रानात बहुतेक हरणे शंभर-दीडशे यार्डांच्या आतच टिपली जातात. म्हणजे रायफलीकडे भरपूर शिल्लक उरते. ही शिल्लक खाऊन टाकतो तो धापा टाकणारा, थंडीने कुडकुडणारा, हात थरथरणारा माणूस.

आणि इथेच कॅलिबरचा प्रश्न येतो.

काडतुसांच्या नावांनी नवखा माणूस भांबावतो. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .२७० विन्चेस्टर १९२५ मधले, त्याच धर्तीच्या पुंगळीचे तोंड बारीक करून बनवलेले. .३०८ विन्चेस्टर १९५२ मध्ये आले आणि दोन वर्षांनी तेच थोड्या फरकाने नाटोचे लष्करी काडतूस झाले. .३०८ ची पुंगळी आवळून १९५५ मध्ये .२४३ आणि १९८० मध्ये ७ एमएम-०८ निघाले. आज सगळ्यांच्या तोंडी असलेले ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये मूळ नेमबाजीच्या स्पर्धांसाठी काढले. या प्रत्येकाचे कट्टर भक्त आहेत आणि त्यांचे वाद कधी संपत नाहीत.

पण आकडे पाहिले की वादातली हवा निघते. .३०८ ची दीडशे ग्रेनची, म्हणजे तोळ्याहून थोडी कमी वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने निघते. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची सुमारे २७०० फुटांनी. दोन्ही रायफली दोनशे यार्डांवर बरोबर लावून तीनशे यार्डांवर बार टाकला, तर .३०८ ची गोळी आठ इंचांच्या आसपास खाली उतरते आणि क्रीडमूरची तिच्यापेक्षा फार तर इंच-दीड इंच कमी. सहाशे-आठशे यार्डांवर क्रीडमूर खरोखर पुढे जाते, वाऱ्यालाही ती कमी दबते. मात्र तिथवर बार टाकण्याचा हक्क फार थोड्या शिकाऱ्यांनी कमावलेला असतो.

धक्क्यातला फरक मात्र मोठा आहे आणि तो प्रत्येक बाराला जाणवतो. दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण नऊ-दहा फूट-पाउंड असतो, ६.५ क्रीडमूरचा बारा, ७ एमएम-०८ चा चौदा, .३०८ चा सोळा-सतरा, .३०-०६ चा वीस. .३०० विन्चेस्टर मॅग्नम पंचविशीच्या पुढे जाते. शिवाय स्वस्त रायफल बहुधा हलकी असते, आणि हलकी रायफल जास्त लाथ मारते. दोन-तीन बार खांद्याला बसले की शरीर आपोआप शिकते: चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आवळतो, नळी खाली झुकते. शिकाऱ्याला स्वतःला हे कळतही नाही. कळायचे असेल तर मित्राने त्याच्या नकळत कधी खरे, कधी रिकामे काडतूस भरून द्यावे. रिकाम्यावरही नळी हिसका खाताना दिसते. शक्तिमान काडतूस चुकीच्या जागी लागले तर पोट फाटलेले हरीण मैलभर पळते आणि रात्रभर तडफडते. साधे काडतूस फुप्फुसांतून गेले तर हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत कोसळते.

याची सर्वांत ठळक साक्ष भारतातूनच मिळते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्यूएट यांनी लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. माउझरच्याच बोल्टवर बांधलेली. .२७५ रिग्बी हे माउझरच्या ७×५७ काडतुसाचे इंग्रजी नाव, आणि आजचे ७ एमएम-०८ आखूड पुंगळीतून जवळपास तेवढेच काम करते. कॉर्बेटकडे याहून दांडगी दुनळी रायफलही होती, तरी हाताला हलकी आणि नेमाला खात्रीची म्हणून ही .२७५ त्याने वर्षानुवर्षे वापरली. जे काडतूस कॉर्बेटच्या हातात नरभक्षकांना पुरले, ते साठ-सत्तर किलोच्या हरणाला अपुरे पडेल अशी चिंता करायला नको.

निवडीला कायद्याच्या मर्यादा मात्र असतात आणि त्या राज्यागणिक बदलतात. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर आणि ७० ग्रेनची गोळी लागते, एल्क या मोठ्या जातीच्या हरणासाठी ८५ ग्रेनची. ओहायोचा बराचसा भाग सपाट, दाट वस्तीचा. तिथे रायफलीची गोळी दूरवर जाऊन कुणाला लागेल या भीतीने हरणांसाठी बराच काळ मुख्यतः छऱ्याच्या बंदुका चालत. २०१४ पासून सरळ पुंगळीच्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांना परवानगी मिळाली. विन्चेस्टरने २०१९ मध्ये काढलेले .३५० लेजंड अशाच राज्यांसाठी आहे. कॅलिफोर्नियात कॉन्डोर गिधाडांना विषबाधा होऊ नये म्हणून जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. तिथे तांब्याची गोळी घ्यावी लागते आणि ती महाग पडते. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका वाचावी.

एवढे सगळे लक्षात घेऊन सांगायचे तर, फक्त हरीण मारणाऱ्या नवख्याने ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर घ्यावे. लहान चणीच्या माणसाला किंवा किशोरवयीन मुलाला .२४३ द्यावे, पण तो रानात जाण्याआधी नेम पक्का हवा, कारण हलकी गोळी चुका माफ करत नाही. पुढेमागे एल्कचा बेत असेल, किंवा गावातल्या किराणा दुकानातही मिळणारे काडतूस हवे असेल, तर .३०८. .३०-०६ आणि .२७० मध्ये काहीही उणे नाही. वडिलांची रायफल त्या कॅलिबरची असेल तर नवी घेण्याचे कारणच नाही. पहिली रायफल म्हणून मॅग्नम मात्र घेऊच नये.

वाचलेले पैसे आधी दुर्बिणीत घालावेत. दुकानातल्या जोडसंचातली दुर्बीण बहुधा रायफलीपेक्षा कमकुवत असते. सांज-पहाटेच्या अंधुक उजेडात, जेव्हा हरणे हिंडतात, तेव्हा तिच्यातून काही दिसत नाही. धक्क्याने तिचा नेमही सरकतो. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची साधी पण चांगल्या कंपनीची दुर्बीण अडीचशे-तीनशे डॉलरला मिळते आणि पुढची रायफल आली तरी तीच चालते. त्यानंतरचे पैसे काडतुसांचे. वीस काडतुसांचा डबा कॅलिबर आणि गोळीप्रमाणे पंचवीस-तीस डॉलरपासून पन्नासच्या पुढे जातो. एकाच रायफलीला एक गोळी आवडते, दुसरी आवडत नाही, म्हणून दोन-तीन प्रकार वापरून पाहावे लागतात. शंभर-दीडशे काडतुसांचे पैसे बाजूला न काढता रायफलीवर सगळी रक्कम उधळणारा माणूस हंगामात टेबलावर दोन बार टाकून रानात जातो. ते होऊ नये.

जुन्या रायफलीत सौदा उत्तम जमतो, कारण शिकारीच्या बहुतेक रायफली वर्षाला दहा बारही झाडत नाहीत. नळीचे तोंड खरचटलेले नाही ना, आतले आटे गंजलेले नाहीत ना, बोल्टचे दोन्ही खुंट सारखे घासलेले आहेत ना, एवढे पाहावे. रेमिंग्टन ७०० असेल तर चाप तपासून घेणे अत्यावश्यक. चाप न ओढता बार उडाल्याच्या तक्रारींवर वर्षानुवर्षे खटले चालले आणि २०१४ मध्ये कंपनीने ‘एक्स-मार्क प्रो’ चाप असलेल्या रायफली परत मागवल्या. अनुक्रमांक पडताळल्याशिवाय आणि गरज पडली तर चाप बदलल्याशिवाय ती रायफल घरात आणू नये.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा मार्ग बंद केला आणि ते योग्यच झाले. लष्करी बोअरच्या रायफली सामान्य परवानाधारकांना निषिद्ध असल्याने इथे इशापूर कारखान्याची .३१५ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलच पिढ्यानपिढ्या दिसत आली. अमेरिकेत स्थायिक झालेले काही मराठी लोक मात्र शेजाऱ्यांबरोबर रानात जाऊ लागतात, आणि त्यांनी एक गोष्ट नीट जाणून घ्यायला हवी. ग्रीनकार्डधारकाला रायफल घेता येते, पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघराज्याचा कायदा बंदूक जवळ बाळगायलाही मनाई करतो. अपवाद आहेत, त्यांतला मुख्य म्हणजे कुठल्यातरी राज्याचा वैध शिकार परवाना. तो परवाना खरेदीच्या आधी हातात हवा. दुसऱ्याच्या पैशाने, त्याच्यासाठी मित्राने आपल्या नावावर रायफल घेणे हा गंभीर गुन्हा आहे.

नवख्याला परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तिथेच ओळखी होतात आणि कुणीतरी आपली .३०८ किंवा क्रीडमूर पाच बार टाकायला देते. खांद्याला काय सोसते ते विकत घेण्याआधी कळते. पेन्सिल्वेनियात गेम कमिशनच्या जमिनींवरच्या रेंज परवानाधारकांना खुल्या असतात. हंगामाच्या आदल्या आठवड्यात तिथे गर्दी उसळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेले तर जागा मोकळी मिळते, आणि टेबल सोडून बसून, गुडघ्यावर टेकून, झाडाच्या आधाराने बार टाकायचा सराव निवांत करता येतो.